पोस्टातली बाळंतीण

वेडमगुडा, ता. भामरागड
७ जानेवारी २०२५

ती. अश्वजित भाऊस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

सावली गावच्या लग्नातून मी आणि माय सुखरूप परत आलो. मायचे गुडघे बसमध्ये कुरकुरले, माय नाई कुरकुरली. सरितावहिनीनं देल्लेली लोणच्याची बरणीही धड पोचली.

आता बातमी सांगते, पण आधी खाली बस. आपल्या पोस्टात अस्वल व्यालं.

मागच्या खोलीचं दार दुरुस्त करून द्या म्हणून मी कवापासून वर लिहून राह्यली, तुले माहीत आहे. आम्ही गावात नसताना ते दार तिनं एका धक्क्यात उघडलं आणि टपालाच्या रिकाम्या पिशव्या पसरून त्यावर बाळंत झाली. पह्यले पाह्यलं वारलूनं. तो आमचा डाकसेवक, सायकलवर टपाल वाटतो. सकाळी पिशवी आणायला आत गेला तसाच उलट्या पावली बाहेर आला, टोपी काढली, दार हलक्या हातानं लोटलं आणि मले येऊन म्हणाला, की मॅडम, आज पोस्ट उघडू नका, आतमध्ये बाळंतीण झोपली आहे. मले वाटलं गावातली कोणी असेल. मी चहा घेऊन निघाली होती, भाऊ! वारलूनं कप धरून ठेवला म्हणून वाचली.

वनरक्षक दिव्यानी मॅडम येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, पिल्लं मायच्या पाठीवर बसून बाहेर निघेपर्यंत तिले हलवता येत नाई, आणि कोणी जवळ गेलं तर ती चेहरा ओळखू येणार नाई असा करून ठेवते. हे काही गमतीत नाई म्हणाल्या. गेल्या साली पलीकडच्या टोल्यातल्या, त्या छोट्या वस्तीतल्या, एका माणसाचा गाल गेला, तो अजून फडकं बांधून फिरते.

मी पोस्टाच्या निरीक्षक साहेबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की पूर्वपरवानगीशिवाय पोस्ट एक दिवसही बंद ठेवता येत नाई, आणि अस्वलाले आत घेताना परवानगी काऊन नाई घेतली याचा खुलासा करावा. म्हणून मी टेबल उचलून गावाच्या कडेच्या मोहाच्या झाडाखाली मांडलं आणि पोस्ट चालू केलं. बंद ठेवलं असतं तर शाखा उठवायला त्यायले कारणच पाहिजे होतं. मंग इथल्या डोकऱ्या-डोकरींनी निराधारचे पैसे आणायला नदी ओलांडून तालुक्याले जायचं, आणि मी घरी बसायचं.

तुले पत्रच लिही म्हणून मागं लागते ते यासाठीच. फोन तसाही टेकडीवरच लागते. शाखेत टपाल येते असं वर दिसलं पाहिजे. तर आळस करू नको. वहिनीले जय भीम. आहे तेवढी माया असू दे.

तुझी,
रश्मी

०

घुग्घुस
२० जानेवारी २०२५

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद, जय भीम.

तुझं पत्र आलं, पण त्यावर तारखेचा शिक्का नाई. इथला पोस्टमन म्हणाला, की हे पत्र नियमानं अजून निघालंच नाई, तर पोचलं कसं म्हणू. मी त्याले चहा पाजला, तेव्हा पोचलं.

वाचून आधी हसलो आणि मंग रात्रभर झोप नाई. बाई माझे, तू मायले घेऊन इकडे निघून ये. नोकरी जाईल तर जाईल. सरिता म्हणते समोरची खोली रिकामी करून देते. मायले सांग की इथं दवाखाना जवळ आहे. इथल्या धुळीचं बोलली तर सांग, की धूळ गाल ओरबाडत नाई.

माझ्याकडेही तुझ्यासारखंच चालू आहे, फक्त अस्वल नाई. आमच्या सिमेंट कारखान्यात नवे मोठे साहेब आले, कुलदीप साहेब. माणूस वाईट नाई, पण कोण्यातरी शिबिराले जाऊन आला आणि आल्याबरोबर सांगतलं, की यापुढे कारखाना निसर्गाच्या कुशीत चालणार. प्रत्येक खात्याले एक प्राणी वाटून देल्ला. आम्हा पॅकिंगवाल्यायले फुलपाखरू मिळालं. भट्टीवाल्यायले मोर. हिशोबखात्याले कासव मिळालं, ते रागावून बसले आहेत.

दुपारी भोंग्यातून कोकीळ वाजते. ती वाजली की सगळ्यांनी जोडे काढून गवतावर उभं राहायचं आणि मिनिटभर बोलायचं नाई. गवत प्लॅस्टिकचं आहे, उन्हानं असं तापते की लोक आपोआप नाचतात. साहेबाले वाटते आनंदानं नाचून राह्यले. शिफ्टवर चढताना एका झाडाले नमस्कार करायचा. आमच्या आवारात झाड एकच, वजनकाट्याजवळची बाभूळ. तिच्यापुढे रांग लागते. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि आता तेही उतरून नमस्कार करून घेतात.

या सगळ्याचा प्रमुख मी आहे. साहेबानं विचारलं होतं, की कोणाचं जंगलाशी नातं आहे का. मी सहज बोलून गेलो, की माझी बहीण जंगलात पोस्ट चालवते. झालं. मले हिरवी टोपी मिळाली.

आणखी एक चूक झाली, ती सांगायची हिंमत होत नाई. पुढच्या पत्रात पाहू. मायच्या पायले तेल लाव. तिकडून निघायचं मनावर घे.

तुझा,
अश्वजित भाऊ

०

वेडमगुडा
६ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

शिक्का कुठून मारू? तो मागच्या खोलीतल्या खणात आहे, आणि खण तिच्या पाठीमागे. मी हातानं तारीख लिहून सही करते. तालुक्यातून पत्रं परत येतात, मी पुन्हा पाठवते, पुन्हा येतात. पण एक गोष्ट चांगली झाली. आमच्या शाखेत एवढं टपाल कधीच नव्हतं.

वनखात्याची नोटीस आली. मोहाचं झाड वनजमिनीत येते, त्यामुळे पोस्टानं जंगलात अतिक्रमण केलं म्हणतात. मी निरीक्षक साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले परत इमारतीत जा. वनखातं म्हणते इमारतीत जाल तर बाळंतिणीले त्रास दिल्याचा गुन्हा लागेल. दिव्यानी मॅडम बिचाऱ्या दोन्ही कागद घेऊन आल्या आणि माझ्याच टेबलावर डोकं धरून बसल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, की ग्रामसभा ठरवेल तर काहीतरी होईल.

ग्रामसभा गावाच्या सामाईक घरात, गोटुलात भरली. जंगूदादा गावातले सगळ्यात मोठे. ते बोलले तेव्हा कोणी खोकलंही नाई. ते म्हणाले, की माणूस असो का जनावर, बाळंतिणीले घराबाहेर काढल्याचं या गावात कोणी ऐकलं नाई, मंग त्या घरावर पाटी कोणाची का लटकेना. टपाल काय, झाडाखालीही पोचते. सगळ्यांनी हात वर केले. मंग लोकायनं आपणहून एकेक ठरवलं. त्या बाजूची पायवाट सोडायची. कुत्री बांधायची. लटारूच्या पोरीच्या लग्नाचा बाजा नदीकडे वाजवायचा. पोस्टामागचे मोह यंदा कोणी वेचायचे नाई, ते तिचे. आणि पोस्ट दिवस कलायच्या आत उचलायचं, कारण तेव्हा ती वारुळं उकरायला निघते. लटारू थोडा कुरकुरला, कारण ते मोह तोच वेचत होता. त्याचंही बरोबरच आहे. बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालचा वाटा त्याले द्यायचं कबूल केलं तेव्हा तो गप्प बसला.

माय मात्र हाताबाहेर गेली. सावलीले एवढ्या बायांची बाळंतपणं केली तिनं, आता हेही आपलंच समजते. पायवाटेवर खाट टाकून बसते आणि मोठ्यानं बोलणाऱ्याले काठी दाखवते. काल सरपंचाले परत पाठवलं, त्याचे जोडे वाजत होते. डिंकाचे लाडू करून दारापुढे ठेवायला निघाली, तर दिव्यानी मॅडमनी अडवलं. जंगलच्या जनावराले माणसाच्या हातची चव लागू द्यायची नाई म्हणाल्या. मायनं तोंड फुगवलं, पण ऐकलं. लाडू आम्हीच खाऊन राह्यलो.

मले भीती वाटत नाई असं नाई. परवा संध्याकाळी कागद गोळा करताना उशीर झाला, आणि ती दारातून निघताना दिसली. अंगावर ओला कंबल टाकल्यासारखी, नाक जमिनीले लावून. मी श्वास धरून उभी राह्यली. तिनं माझ्याकडे पाह्यलंही नाई. घरी आल्यावर मले रडू नाई आलं, हसू आलं.

आम्ही तिकडे येणार नाई. माय म्हणते बाळंतीण सोडून दाई जात नसते.

तुझी चूक काय ते लवकर लिही, उगाच जीव टांगू नको. जिव्हाळा कमी पडू देऊ नको.

तुझी,
रश्मी

०

घुग्घुस
२४ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मीस,
आशीर्वाद आणि जय भीम.

चूक अशी, की मी साहेबाले अस्वलाचं सांगून बसलो.

साहेब खुर्चीतून उठला. म्हणाला, हेच, हेच मले शोधायचं होतं. आता आठ मार्चले महिला दिन आहे ना, तर त्या दिवशी कारखान्याची बस वेडमगुड्याले येणार आणि अस्वलाचा सत्कार करणार. शाल-श्रीफळ देऊन. मी म्हणालो, साहेब, ती जंगली आहे. साहेब म्हणाला, म्हणूनच तर. मी म्हणालो, ती फाडते. साहेब म्हणाला, की आपल्या मनात प्रेम असलं तर समोरच्याले कळते. मंग त्यानं विचारलं, की त्या दिवशी अस्वल रिकामी आहे का ते बहिणीले विचारून घे.

मी रस्ता खराब असल्याचं सांगतलं, पूल वाहून गेल्याचं सांगतलं. फेब्रुवारीत पूल कसा वाहून जाईल हे साहेबालेही कळते. जास्त बोललो तर मले गोदामात टाकतील असं मोठ्या बाबूनं कानात सांगतलं. सरिता म्हणाली, गोदाम पत्करा पण लोकायचा जीव वाचवा. तेही सांगून पाह्यलं. उपयोग नाई.

मी स्वतः येणार होतो, म्हणजे निदान लोकायले आवरलं असतं. पण साहेबानं मले मागं ठेवलं. सगळे बसमध्ये जातील, तर त्या दिवशी सगळ्यांच्या वतीनं बाभळीले नमस्कार कोण करणार? तर मी.

जंगूदादांना सांग. दिव्यानी मॅडमले सांग. मायले सांगू नको, ती घाबरेल. काही करून त्यायले अडवा. माझ्या एका वाक्यानं कोणाचा चेहरा गेला तर मी तोंड कुठं दाखवू. घास जात नाई.

सांभाळून राहा. माझ्यावर राग धरू नको, धरलास तर लिहून धर, म्हणजे टपाल वाढेल.

तुझा,
भाऊ

०

वेडमगुडा
१० मार्च २०२५

ती. भाऊस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

आधी हे वाच: सगळे जिवंत आहेत, सगळ्यांचे चेहरे जिथल्या तिथं आहेत. आता जेवून घे आणि मंग पुढचं वाच.

मी मायले सांगतलं. ती घाबरत असते असं तुले कोणी सांगतलं?

दिव्यानी मॅडमनी वर कळवलं होतं, पण त्या एकट्याच आल्या आणि त्यांची माणसं पोचायच्या आधी बस आली. नाल्यापाशी फसली, म्हणून सगळे उतरून चालत आले. हिरव्या टोप्या, फलक, पुढे कुलदीप साहेब, हातात शाल आणि नारळ. पायवाटेवर मायची खाट आडवी होती. माय उठली नाई. बसल्या जागेवरून सांगतलं, की बाळंतिणीच्या घरी येताना जोडे काढायचे, हातपाय धुवायचे, बोलायचं नाई, आणि आत तर अजिबात जायचं नाई. आशीर्वाद काय द्यायचा तो झाडाखाली बसून द्या. साहेबानं क्षणभर तिच्याकडे पाह्यलं आणि जोडे काढले. तुझ्या साहेबाले हे सगळं आधीच पाठ होतं ना! नाल्यावर पाय धुऊन सगळे मोहाखाली येऊन बसले, माझ्या टेबलाभोवती, निराधारचे पैसे घ्यायला आलेल्या डोकऱ्यांच्या बाजूला. जंगूदादांनी खुणेनं सांगतलं, की ती निघालीच तर पळायचं नाई, बसून राहायचं.

आणि त्याच दिवशी निरीक्षक साहेब तपासणीले आले. वारलूच्या सायकलवर मागं बसून. त्यांनी एवढी माणसं शांत बसलेली पाह्यली आणि मले हळूच विचारलं, की कोण गेलं. मी सांगतलं कोणी गेलं नाई, ग्राहक आहेत. त्यांना ते खरं वाटलं नाई. पोस्टाच्या दारावर अनधिकृत रहिवाशाले नोटीस चिकटवायची त्यांना ताकीद होती. जंगूदादांनी विचारलं, की नोटीस तिले वाचून कोण दाखवणार. पण साहेब नियमाचा माणूस, डिंकाची बाटली घेऊन गेले.

ते दाराले डिंक लावत होते, आणि दुपार झाली. भाऊ, तुमच्या कारखान्यानं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ती कोकीळ भरून ठेवली आहे, हे तू मले सांगतलं नाई. बसभर माणसांच्या खिशातून एकदम कोकीळ ओरडली. वरच्या फांदीवरची खरी कोकीळ होती ती घाबरून उडाली.

आतून दार उघडलं.

निरीक्षक साहेब जागच्या जागी खाली बसले. ती बाहेर आली, पाठीवर दोन पिल्लं, केसायले घट्ट धरून. मागच्या पायांवर उभी राह्यली. मी तिच्या छातीवरचा पांढरा चंद्र पाह्यला आणि माझ्या मनात एवढंच आलं, की माय खाटेवर आहे आणि मायले झटकन उठता येत नाई. मी उठायला गेली, तर दिव्यानी मॅडमनी माझा पदर खाली ओढला.

ती चार पायांवर आली आणि सरळ पायवाटेनं मायकडे निघाली. तिले जंगलात जायचं होतं आणि रस्ता तोच होता. खाटेच्या अंगाशी येऊन थांबली. मायची काठी खाली पडलेली. माय हळू आवाजात तिले म्हणाली, की जा बाई, लेकरं घेऊन जा, तुझ्या मागं कोणी येत नाई. तिनं खाटेच्या पायाचा वास घेतला, फुंकर मारली, आणि माणसांच्या मधून निघाली. कुलदीप साहेबाच्या हातातला नारळ सुटून गडगडत तिच्यापुढे गेला. तिनं त्यावर नाक ठेवलं, सोडून देल्लं, आणि वळसा घेऊन पोस्टामागच्या मोहांकडे गेली. फुलं नुकतीच गळायला लागली आहेत.

कोणीच उठलं नाई. फक्त फुलं पडायचा टप टप आवाज. मंग कुलदीप साहेब उठला. आणलेली शाल मायच्या अंगावर टाकली आणि तिच्या खाटेजवळ खाली मातीत बसला. मायनं विचारलं, घरी कोण कोण आहे. तो म्हणाला लेक बाळंतपणाले येणार आहे, घुग्घुसलाच. मायनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं आणि म्हणाली, की तिले तिथं आणू नको, माझ्या पोराकडे मी चार दिवस गेली तर महिनाभर खोकते, कोवळ्या फुप्फुसाचं काय होईल. साहेबानं हिरवी टोपी काढून मांडीवर ठेवली.

निरीक्षक साहेबांचा हात दाराले चिकटला होता. वारलूनं पाणी लावून सोडवला.

तुझ्यावर राग नाई. सगळ्यांचा जय भीम आणि जोहार.

तुझी,
रश्मी

ता. क. माय सांगते तसंच लिहिते: अश्वजिता, मी बरी हाय. घाबरली नोयती असं नाई, पन घाबरून करतो काय, गुडघे तर उठू देत नाईत. थे गेली तवा मले लेकीले सासरी लावल्यावानी वाटलं. तू लेका जेवत जाय.

०

वेडमगुडा
२ एप्रिल २०२५

ती. भाऊस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

या पत्रावर शिक्का आहे, पाह्य. खोली धुऊन काढली. ती पुन्हा आली नाई. नदीपलीकडे तिले पिल्लांसोबत पाह्यलं म्हणून लटारू सांगते.

आज आदेश आला. निरीक्षक साहेबांनी अहवालात लिहिलं, की इमारत थंडीच्या दिवसांत कार्यालयीन वापरास योग्य राहत नाई, सबब त्या काळात शाखा झाडाखाली भरवावी. अस्वलाचा शब्द कुठंच नाई. ग्रामसभेनं जागा देल्ली, वनखात्यानं सही केली. शाखा उठवायची फाइल बंद. मागच्या दाराची दुरुस्ती मंजूर झाली होती, ती मीच नको म्हणून लिहून देल्लं. अशी विनंती खात्यात पहिल्यांदाच आली म्हणतात.

आता निरीक्षक साहेब अधूनमधून तपासणीले येतात आणि तपासत काही नाईत, झाडाखाली बसतात.

तुमच्याकडे काय झालं ते कळव. बस गेल्यापासून तुझं एक अक्षर नाई. आपलेपणा टिकवून ठेव, आणि उत्तर धाडायचं टाळू नको.

तुझी,
रश्मी

०

घुग्घुस
१६ एप्रिल २०२५

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद, जय भीम.

लिहायला उशीर झाला कारण इथं सगळं उलटंपालटं होतं.

साहेब तिकडून परत आला. दुसऱ्या दिवशी भोंगा काढला. प्लॅस्टिकचं गवत गुंडाळून भंगारात टाकलं. मंग मले बोलावून विचारलं, की धूळ अडवायची यंत्रं रात्री बंद काऊन असतात. मी म्हणालो, साहेब, हे तर सगळ्यांना माहीत आहे, वीज वाचवायला. तो म्हणाला, मले माहीत नव्हतं. खरंच नव्हतं माहीत त्याले. त्यानं सगळा कारखाना बंद केला. वरून फोन आला, की उत्पादन काऊन थांबलं. साहेबानं सांगतलं, की निसर्ग सप्ताह आहे. कार्यक्रम वरच्यांनीच मंजूर केला होता, त्यामुळे त्यांना काही बोलता नाई आलं. पुढच्या हप्त्यात पुन्हा फोन आला, तर तेच उत्तर. सप्ताह असा चांगला लांबला. तोपर्यंत आम्ही पॅकिंगवाले, भट्टीवाले, कासववालेही, सगळे रात्रंदिवस यंत्रांवर चढून होतो. फाटलेल्या जाळ्या बदलल्या, पंखे दुरुस्त केले. साहेबही चढला. चढताना जोडे घाल म्हणून त्याले सांगावं लागलं.

कारखाना सुरू झाला आणि त्याच आठवड्यात साहेबाची बदली आली. कुठं दूर, गुजरातकडे. निरोपाले माणूस रडला. मायले नमस्कार सांग म्हणाला. लेकीचं बाळंतपण सासरीच होणार आहे. नवा साहेब आला आहे, त्याले फुलपाखरू-बिलपाखरू काही माहीत नाई. यंत्रं चालू आहेत. रात्री कोणी बंद करायला गेलंच तर आमची शिफ्ट उठून उभी राहते. किती दिवस उभी राहील, मले सांगता येत नाई.

परवा जयंती झाली. विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक, घरी खीर. सरितानं आदल्या दिवशी तिचं पांढरं लुगडं आणि माझा पांढरा सदरा धुऊन छतावर वाळू घातला. संध्याकाळी ती काढायला गेली आणि तिथूनच मले हाका मारायला लागली. मले वाटलं घसरून पडली, धावत वर गेलो. ती तारेजवळ उभी होती, लुगड्याचा पदर दोन्ही हातांवर पसरून. नुसता मले दाखवला. रश्मे, दिवसभर घुग्घुसच्या छतावर वाळून ते लुगडं पांढरंच होतं.

तुझा,
अश्वजित भाऊ